वाढलेली पंगत

आमच्या मुलुंडच्या घरीं रात्रीं अद्यापि एकच पंगत बसते. आम्ही, आमचे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें, मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा पानें होतात. जेवतांना वाद घालूं नये ही वडिलांची शिकवण. ती आम्ही पाळतों असें प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. ज्या वादाचा वृत्तांत येथें द्यावयाचा आहे, तो तर एका जेवणांत आटोपलाहि नाहीं. त्यानें आम्हांस आमच्याच एका जुन्या चुकीपर्यंत नेऊन सोडलें, म्हणून तो लिहून ठेवावासा वाटला.

झालें असें. २०२५ च्या जानेवारीच्या एकविसाव्या तारखेस सकाळीं, चहाच्या वेळीं, बंधूंच्या धाकट्या चिरंजीवाचा अमेरिकेहून फोन आला. तो ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं विद्यापीठांत शिकतो. त्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल-संघ नोटर डेम विद्यापीठास ३४-२३ असें हरवून सर्व देशाचा विजेता ठरला होता, आणि त्याच्या मागें रस्त्यांत चाललेला कल्लोळ आम्हांस येथें ऐकूं येत होता. तेथला फुटबॉल म्हणजे आपला पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू बगलेंत मारून धावण्याचा व एकमेकांस आडवें पाडण्याचा तो एक दांडगा खेळ आहे. पण विद्यापीठांचे सामने पाहावयास तिकडे लाख लाख लोक जमतात.

चिरंजीवानें सांगितलेली गोष्ट ऐकण्यासारखी होती. २०१४ पासून तेथें असा नियम होता कीं, हंगामाच्या अखेरीस देशांतील चार संघ निवडावे आणि त्यांच्यांत बाद पद्धतीनें सामने होऊन विजेता ठरावा. २०२४ च्या हंगामापासून ह्या चारांचे बारा करण्यांत आले. चिरंजीवाचा संघ त्या हंगामांत दोन वेळां हरला होता. दुसरी हार तर घरच्या मैदानावर, आणि तीहि मिशिगन ह्या पिढीजात वैऱ्याकडून. जुन्या नियमानें त्याचें पानच मांडलें गेलें नसतें. नव्या नियमानें तो आठवें मानांकन घेऊन आंत आला, ओळीनें चार सामने जिंकला आणि करंडक घेऊन गेला.

रात्रीं पंगतींत वादास तोंड लागलें. आमचे बंधु बँकेंतून निवृत्त झाले आहेत, आणि हिशेब चुकलेला त्यांना खपत नाहीं. ते म्हणाले, "ज्यानें मिशिगनकडून मार खाल्ला तो विजेता, आणि ज्या मिशिगननें मार दिला तें बारांतसुद्धां नाहीं! मग तो सामना खेळलाच कशाला?" आमच्या थोरल्या सूनबाई वाढतां वाढतां म्हणाल्या, "पण काका, तो संघ आंत आलाच नसता, तर तो एवढा चांगला आहे हें कळलें कसें असतें?" दोन्ही बाजूंस दोन-दोन मतें पडलीं, आणि घरांत मास्तर म्हणून निकाल आम्हांवर सोंपविण्यांत आला.

आम्हीं छत्तीस वर्षें उपनगरांतील एका शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें; बाकीची जी काय विद्या ती पाठशाळेंतली. शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची पद्धत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. हा ग्रंथ कोणीं वाचावा, त्यांत आहे काय, ग्रंथाचा व विषयाचा संबंध कोणता, आणि वाचून साधावयाचें काय, हे चार प्रश्न सुटल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं. ह्यांत पहिला मान अधिकाऱ्याचा. तोच संस्कार मनांत धरून आम्हीं त्या रात्रीं निकाल दिला कीं, अधिकार नसलेल्यास आंत घेतल्यानें त्याचें हित होत नाहीं, आणि पंगतीची शोभा मात्र जाते. बंधु प्रसन्न झाले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं आमच्या पानांत भात वाढला.

निकाल दिला खरा, पण रात्रीं झोंप लागेना. आम्हांस १९७१ सालचें आमचें घाटकोपरचें बिऱ्हाड आठवूं लागलें. आम्ही तेव्हां दहा-अकरा वर्षांचे होतों. वडील मूळचे पुण्याचे. त्यांचा जीव महाराष्ट्राच्या क्रिकेट-संघावर, आणि आम्हां मुलांचा मुंबईच्या. आजच्या वाचकांना कदाचित् ठाऊक नसेल कीं, रणजी करंडकासाठीं तेव्हां देशाचे पांच विभाग असत, आणि प्रत्येक विभागांतून पहिला येईल तेवढाच संघ पुढें जाई. मुंबई, महाराष्ट्र, बडोदें, गुजरात व सौराष्ट्र हे सगळे पश्चिम विभागांत. मुंबईनें तर १९५८-५९ पासून करंडक कोणाच्या हातीं लागूंच दिला नव्हता. म्हणजे महाराष्ट्राच्या दारांतच मुंबई उभी! देशांत दुसऱ्या क्रमांकाचा संघ असला तरी तो पश्चिमेंतच अडकून पडावयाचा.

१९७०-७१ च्या हंगामापासून हा नियम बदलला. प्रत्येक विभागांतील पहिले दोन, असे एकंदर दहा संघ बाद फेरींत घेण्यांत आले. त्याच वर्षीं काय घडावें? अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र ह्यांच्यांतच झाला. एकाच विभागांतले हे दोन संघ. जुन्या नियमानें त्यांची अखेरच्या दिवशीं गांठ पडणें अशक्य होतें. मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे तेव्हां वेस्ट इंडीजमध्यें देशाकडून खेळत होते, आणि सुधीर नाईक ह्यांनीं उरलेल्या गड्यांना घेऊन मुंबईचा मान राखला. महाराष्ट्र अवघ्या ४८ धावांनीं हरला. आम्हीं चाळींत पेढे मागितले, तेव्हां वडिलांनीं ते खरोखरच आणले. म्हणाले, "हरलों खरे, पण शेवटच्या पंगतीला बसून हरलों." त्या वर्षासह पुढलीं तीन वर्षें करंडक मुंबईकडेच राहिला. पंगत वाढल्यानें खऱ्या अधिकाऱ्याचें तर कांहींच गेलें नव्हतें. मग आम्हीं निकाल दिला तो कशाच्या आधारावर?

आधार अगदींच नव्हता असें नाहीं. पुढें १९९२-९३ पासून विभागांतले तीन-तीन संघ बाद फेरींत येऊं लागले. २००२-०३ मध्यें विभागांची रीतच मोडून वरचा व खालचा असे गट झाले. आणि २०१८-१९ मध्यें ईशान्येकडील राज्यें, बिहार, उत्तराखंड व पुदुच्चेरी असे नऊ संघ एकदम येऊन संघांची संख्या ३७ झाली. ह्या विस्तारानें कांहीं सामने असे झाले कीं, पाहणाऱ्यानें मान खालीं घालावी. २०२२ च्या मार्चमध्यें झारखंडानें नागालँडविरुद्ध पहिल्या डावांत ८८० धावा केल्या, आणि प्रतिपक्ष गडगडल्यावरहि पुन्हां फलंदाजी करीत आघाडी १,००८ पर्यंत नेली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें बंगळूरजवळ आलूर येथें आपल्या मुंबईनें उत्तराखंडास ७२५ धावांनीं हरविलें. प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत धावांच्या हिशेबानें एवढा मोठा विजय जगांत कोठें झाला नव्हता. हा विक्रम मुंबईचा म्हणून आम्हीं वर्तमानपत्र दोनदां वाचलें, आणि दुसऱ्या वाचनांत तें तितकें गोड लागलें नाहीं.

अशा सामन्याचें दुःख आजचेंच आहे असेंहि नव्हे. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडाविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद खेळत होते. ब्रॅडमनच्या ४५२ ह्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या धावा चार बाद ८२६ झालेल्या. उपाहाराच्या वेळीं काठेवाडाच्या कर्णधारानें आणखी नामुष्की नको म्हणून सामना सोडून दिला आणि संघ घेऊन तो स्टेशनाकडे चालता झाला. निंबाळकरांच्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. विषम जोडींत एक पक्ष मानास मुकतो आणि दुसरा यशास, ह्याला ह्याहून बोलकें उदाहरण नाहीं.

शिवाय शरीराचा प्रश्न आहे. ओहायोच्या पोरांनीं त्या एका हंगामांत असे अंगावर धडकण्याचे सोळा सामने खेळले, आणि तीं पोरें कागदोपत्रीं तरी विद्यार्थी आहेत. सामने वाढले म्हणजे प्रक्षेपणाचा पैसा वाढतो हें कोणालाहि कळतें. पण गुडघा ज्याचा मोडतो त्याच्या पदरीं त्यांतलें किती पडतें, हें विचारणारा विरळा. येथवर बंधूंचा पक्ष भक्कम आहे, आणि तो आम्ही आजहि नाकारीत नाहीं.

परंतु शिक्षकाच्या धंद्यानें आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे. पहिल्या चाचणीच्या गुणांवरून मुलाचें भविष्य सांगणारा मास्तर बहुधा तोंडघशीं पडतो. काठेवाडाचेंच पाहा. त्या संघाचें नांव पुढें सौराष्ट्र झालें, आणि त्या सौराष्ट्रानें २०१९-२० मध्यें राजकोटास रणजी करंडक जिंकला; २०२२-२३ मध्यें पुन्हां जिंकला. पुण्याच्या स्टेशनावरून निघालेली गाडी मुक्कामीं पोहोंचावयास सत्तर वर्षें लागलीं म्हणावयाचीं! आपल्या विदर्भाचेंहि तसेंच. १९५७-५८ पासून तो संघ ह्या स्पर्धेंत खेळे. एखादा दुबळा संघ गांठ पडावा म्हणून लोक ज्यांची वाट पाहत, त्यांत त्याची गणना. बरोबर साठ वर्षांनीं, २०१७-१८ मध्यें, फैज फजल ह्यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें इंदुरास दिल्लीला हरवून करंडक घेतला. दुसऱ्या वर्षीं तो राखला, आणि २०२४-२५ मध्यें उपांत्य सामन्यांत मुंबईलाच ८० धावांनीं बाहेर काढून तिसऱ्यांदां जिंकला. पहिल्या विजयाच्या वेळीं त्यांचे शिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, आणि मुंबईचेच वासिम जाफर त्यांच्या संघांत खेळत होते. म्हणजे विदर्भास नुसतें पान मांडून दिलें नव्हतें. जेवावें कसें हें दाखविणारीं माणसेंहि शेजारीं बसलीं होतीं. त्या दोन विजयांचें रहस्य बरेंचसें ह्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

पानें किती मांडलीं एवढ्यावरूनच मात्र न्याय ठरत नाहीं, आणि ह्याचाहि दाखला मुंबईचाच आहे. ह्या शहरांत प्रथम युरोपियन व पारशी ह्यांचेच सामने होत. १९०७ मध्यें हिंदु आले आणि तिरंगी झाली. १९१२ मध्यें मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ मध्यें बाकीच्या सर्वांचा मिळून एक संघ आला आणि पंचरंगी झाली. गंमत अशी कीं, पंगत वाढली त्याच वर्षीं आमचा हिंदु संघ ब्रेबोर्न स्टेडियममधील आसनांच्या वांटणीवरून रुसून बाहेर बसला. परंतु ज्या 'बाकीच्या' संघांत ख्रिस्ती वगैरे खेळाडू घेत, त्यांतच सांगलीचे विजय हजारे होते. तें पांचवें पान मांडलें नसतें तर त्यांना त्या सामन्यांत बसावयास जागाच नव्हती. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंनीं पांच बाद ५८१ धावा केल्या आणि 'बाकीचे' १३३ मध्यें गारद झाले. दुसऱ्या डावांत ३८७ धावा झाल्या. त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेक ह्यांच्याबरोबर त्यांनीं ३०० धावांची भागी केली, तींत विवेकचा वांटा २१ चा. संघ एक डाव आणि ६१ धावांनीं हरला. फलक पाहणारा म्हणेल, विषम सामना. पण तो डाव पाहिलेलीं वडीलधारीं माणसें तेवढ्याच आदरानें विजय हजाऱ्यांचें नांव घेत.

ह्याच पंगतींतली दुसरी गोष्ट आम्हां वाचकवर्गास थोडी झोंबणारी आहे. तरी सांगितली पाहिजे. हिंदु संघाचा पहिला थोर गोलंदाज पळवणकर बाळू. चर्मकार समाजांत जन्मलेला हा माणूस पुण्यास गोऱ्या साहेबांच्या मैदानाची निगा राखतां राखतां गोलंदाजी शिकला, आणि १९११ मध्यें इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें ११४ गडी बाद केले. मैदानावर तो आमचा होता. चहाच्या वेळीं मात्र त्याला मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. त्याला कर्णधारपद कधींच दिलें गेलें नाहीं. १९२३ मध्यें त्याच्या विठ्ठल ह्या भावाला तें मिळालें, आणि हिंदु संघ जिंकला. दार उघडणारे आपणच, आणि आंत आल्यावर निराळें भांडें देणारेहि आपणच! धर्मावर पानें मांडणारी ती पंगत १९४६ मध्यें उठली, तें ठीकच झालें.

आतां ज्या चुकीचा उल्लेख आरंभीं केला, ती सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेनें शालेय क्रिकेटच्या स्पर्धेंत प्रथमच नांव घातलें. क्रीडाशिक्षक रजेवर, म्हणून मुलांना घेऊन आम्ही गेलों. पहाटेच्या लोकलनें, अकरा मुलांत खेळाच्या सामानाची एकच पिशवी घेऊन, आझाद मैदान गांठलें. शहरांतल्या एका नामांकित शाळेनें तीन बाद ४१२ धावा केल्या. आमचीं मुलें ३४ धावांत बाद झालीं. परतीच्या गाडींत दोघे रडत होते, आणि संघाचा नायक मात्र खिडकीशीं कांहीं न बोलतां बसला होता. मुलुंडला उतरतांना तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षीं जाऊं ना?" आम्हीं हो म्हटलें.

पुढच्या वर्षीं शिक्षकांच्या सभेंत प्रश्न निघाला, तेव्हां नांव घालूं नये असें सांगणारे आम्हीच. "मुलांची शोभा करण्यापेक्षां त्यांचा वेळ अभ्यासांत जाऊं द्या," हें वाक्य आमचें. तें मुख्याध्यापकांस पटलें, आणि मग शाळेचें नांव त्या स्पर्धेंत अनेक वर्षें गेलें नाहीं.

तो नायक आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असून मुलुंडांतच वह्या-पुस्तकांचें दुकान चालवितो. ह्या वादानंतर आठ दिवसांनीं आम्ही नातवासाठीं वह्या घ्यावयास गेलों, आणि तो सामना आठवतो का म्हणून विचारलें. तो हंसला. म्हणाला, "सर, हरलों त्याचं काही नाही. त्यांचा तो डावखुरा गोलंदाज कसा टाकतो, ते आम्ही नीट बघून आलो होतो. वर्षभर सोसायटीच्या मागे तसाच सराव केला. मग कळलं, नांवच गेलं नाही." त्यानें वह्यांचे पैसे घेतले नाहींत. आम्हीं फार आग्रह केला. पण घेतले नाहींत.

छत्तीस वर्षें आम्हीं अनुबंधचतुष्टय शिकविलें, आणि आमच्या हातून चौथा शब्द निसटला होता. अधिकारी कोण, हा पहिला प्रश्न खरा. पण प्रयोजन कोणतें, हा चौथा त्याहून उणा नाहीं. पंगत कोणासाठीं वाढविली, हें प्रथम पाहिलें पाहिजे. दाराबाहेर ताटकळणाऱ्यासाठीं वाढविली असेल, तर पहिल्या वर्षाचे फलक पाहून ती आवरूं नये. त्याला मैदान द्यावें, शिक्षक द्यावा, आपल्या जोडीच्या संघांशीं खेळून पायरीपायरीनें वर येण्याची वाट द्यावी, आणि मुख्य म्हणजे वेळ द्यावा. रणजीमध्यें नव्या संघांसाठीं निराळा गट ठेवून वर चढण्याची सोय केली आहे, ती ह्या दृष्टीनें शहाणपणाची. तो गट म्हणजे शिडी असावी. निराळें भांडें होऊं नये. उलट, आधींच जे धष्टपुष्ट आहेत त्यांना अडखळल्यावर दुसरी संधि मिळावी आणि तिकिटें अधिक खपावीं, एवढ्यासाठींच पानें वाढविलीं असतील, तर ती पंगत नव्हे, खाणावळ झाली. ओहायोचा संघ कांहीं गरीब बाहेरचा नव्हे. पण त्याच बारांत बॉईसी हें एक लहानसें विद्यापीठहि होतें. तें पहिल्याच सामन्यांत हरलें. आम्हांस विचाराल तर, त्या विस्ताराचें मोल ओहायोच्या करंडकावरून नव्हे, बॉईसीसारखे संघ वीस वर्षांनीं कोठें असतील ह्यावरून ठरेल.

हा सुधारलेला निकाल आम्हीं पंगतींत सर्वांसमक्ष जाहीर केला, आणि पहिला मागें घेतला. सूनबाईंनीं ह्या वेळींहि कांहीं न बोलतां भातच वाढला. बंधूंनीं मात्र विचारलें, "तें सगळें खरें. पण मिशिगनचें काय?" आम्हीं कबूल केलें कीं, त्याला आमच्याजवळ उत्तर नाहीं. वर्षभर ज्याची वाट पाहावी असा एखादा सामना विस्तारांत खरोखरच उणावतो. तेवढी किंमत पडते, आणि ती मोजावी लागते.

नंतर आम्ही आमच्या जुन्या शाळेंत गेलों. हल्लीं तेथें मुख्याध्यापिका आहेत. त्यांनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें. ह्या हंगामांत शाळेचें नांव गेलें. वह्यांच्या दुकानाचे मालक शनिवार-रविवारीं मुलांना शिकवीत होते, आणि सामन्याच्या दिवशीं धावफलक लिहिण्याचें काम आम्हांकडे होतें. मुलें पहिल्याच फेरींत हरलीं. त्यांच्या धावा ९१ झाल्या. परतीच्या लोकलमध्यें ह्या वेळीं कोणी रडलें नाहीं. भांडुप येईपर्यंत तीं एका झेलावरून भांडत होतीं, आणि पुढच्या वर्षींचा अर्ज कोणी भरावयाचा हें मुलुंड येण्यापूर्वीं ठरून गेलें होतें.